वयात आलेल्या मुलांसाठी कमी पैशांतली दिवाळीची भेट : आपले अनुभव लिहा

लालबाग

यंदा भाऊबीजेला आमच्याकडे माझ्या भावंडांची पाच मुले जमणार आहेत. सर्वांत धाकटा तेरा वर्षांचा आणि थोरली अठरा वर्षांची. त्या सर्वांसाठी मिळून माझ्या हाती २,००० रुपये आहेत, म्हणजे दरडोई ४००. लहान मुलांचे सोपे असते, कारण रंगीत खोक्यातून काहीही निघाले तरी ती हरखून जातात. ही मुले मात्र खेळण्यांच्या वयातून बाहेर पडलेली आहेत, आणि त्यांना जे खरोखर हवे असते ते मोबाइलच्या दुकानात काचेमागे ठेवलेले असते. गेल्या वर्षी मी मशीद बंदरला जाऊन घाऊक भावात पाच एकसारख्या पाण्याच्या बाटल्या आणल्या. मे महिन्यात धाकट्या भावाकडे माळा आवरायला मदत करताना त्यांतल्या दोन बाटल्या पिशवीसकट हाती लागल्या. वहिनीला माझ्याहून अधिक अवघडल्यासारखे झाले.

म्हणून विनंती अशी, की कल्पना सुचवण्याऐवजी आपण प्रत्यक्ष काय दिले, त्याला किती पैसे पडले आणि चार-सहा महिन्यांनी त्या वस्तूचे काय झाले, एवढे लिहावे. तिसरा भाग टाळू नये.

काळाचौकी

माझा मुलगा नववीत असताना घरातली प्रत्येक वस्तू उघडून बघत असे आणि ती पुन्हा जोडताना दोन स्क्रू हमखास उरत. त्या दिवाळीत त्याला महागडे हेडफोन हवे होते आणि ते शक्य नव्हते, हे मी त्याला नवरात्रातच सांगून टाकले होते. त्याऐवजी मी लॅमिंग्टन रोडवर गेले. २२० रुपयांची २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न (म्हणजे तारांना डाख द्यायचे विजेचे हत्यार), ६० रुपयांचा स्टँड, ११० रुपयांची सोल्डरची तार व पेस्ट आणि वीज मोजायचा २६० रुपयांचा पिवळा मल्टिमीटर, असे एकूण ६५० रुपये झाले. दुकानदाराने विचारल्यावर मी मुलासाठी घेत असल्याचे सांगितले, तेव्हा त्याने निकामी सर्किट बोर्डाचे दोन तुकडे सरावासाठी फुकट दिले. गर्दी टाळायची असेल तर आठवड्यातल्या दिवशी सकाळी जावे.

पाडव्याच्या दिवशी त्याने बंद पडलेला इअरफोन दुरुस्तीला घेतला. वायर कापून आत पाहिले तर केसासारख्या बारीक तारा, एक लाल, एक हिरवी आणि एक तांब्याच्या रंगाची. सोल्डर काही केल्या त्यांना चिकटेना, गोळी होऊन घरंगळून जाई. दुपारभर चिडचिड करून झाल्यावर त्याच्या लक्षात आले, की त्या तारांवर लाखेसारखा पातळ थर असतो आणि तापल्या टोकावर तो जाळून काढल्याशिवाय सोल्डर धरतच नाही. संध्याकाळी एका कानात आवाज आला आणि रात्री दुसऱ्या कानात. पुढच्या दिवाळीत आमच्या मजल्यावरची बंद पडलेली विजेची तोरणे त्याच्याकडे येऊ लागली आणि शेजारच्या काकूंनी त्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवले. मल्टिमीटर आजही चालतो. खिडकी उघडी ठेवूनच काम करायचे आणि विजेच्या बोर्डाला हात लावायचा नाही, हे दोन नियम मात्र मी पहिल्या दिवशीच घातले होते.

माटुंगा

किंग्ज सर्कलला महेश्वरी उद्यानाजवळच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांचे विक्रेते सर्वांना ठाऊक असतील. मी पुतण्यासाठी पुस्तके निवडून नेण्याची चूक एकदा केली. त्याने ती नम्रपणे घेतली, आणि नम्रपणे घेतलेली भेट वाचली जात नाही. दुसऱ्या वर्षी मी त्याला ३०० रुपयांची मर्यादा सांगून तिथेच उभे केले आणि स्वतः शेजारी चहा प्यायला गेलो. पाऊण तासाने तो तीन जाड इंग्रजी कादंबऱ्या घेऊन आला आणि वर चाळीस रुपये परतही दिले. वाचून झाल्यावर पुस्तक चांगल्या स्थितीत परत नेले तर किमतीचा काही भाग नव्या खरेदीतून वजा होतो, हे त्याने तोवर विक्रेत्याशी बोलून ठरवूनही टाकले होते. त्यामुळे माझे ३०० रुपये होळीपर्यंत पुरले, असे म्हणायला हरकत नाही.

एक सावधगिरी सांगतो. पदपथावर नव्याकोऱ्या दिसणाऱ्या खपाऊ पुस्तकांच्या प्रती पुष्कळदा चोरून छापलेल्या असतात, त्यांची छपाई तिरकी असते आणि मधली पाने गळालेली असतात. पिवळ्या पानांची खरी जुनी प्रत घ्यावी.

वडाळा

माझा अनुभव वाईट आहे, पण तोही नोंदवावा असे वाटते. पुतणीला दोन वर्षांपूर्वी मी स्टेशनबाहेरच्या एका गाड्यावरून ३५० रुपयांचा पॉवर बँक घेऊन दिला. त्यावर लिहिलेली क्षमता पाहून मला वाटले, आपल्याला मोठाच सौदा मिळाला. पहिल्याच आठवड्यात तो चार्जिंगला लावला असताना फुगला. सुदैवाने घरात माणसे होती. परत द्यायला गेलो, तर त्या जागी दुसराच माणूस मोजे विकत होता.

बॅटरी असलेली कोणतीही वस्तू स्वस्तात घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाजवळ ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर टाकला की उत्पादकाचे नाव समोर येते आणि वेष्टनावरील नावाशी ताडून पाहता येते. दोन मिनिटांचे काम आहे, पण मी ते केले नव्हते. पुतणीने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तिने बोल लावला असता तर बरे झाले असते.

घाटकोपर (वय १७)

इथे सर्व मोठी माणसे लिहीत आहेत, म्हणून मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. घरात पैशांची ओढाताण आहे, हे आम्हांला कळते. वाईट वाटते ते भेट उघडल्यानंतर कोणीतरी ‘यंदा जरा कमीच आहे रे’ असे म्हणते तेव्हा, कारण मग खूप आनंद झाल्याचे नाटक करण्याची जबाबदारी आमच्यावर येते. काळाचौकीच्या काकूंनी मुलाला आधीच सांगितले, तसे आधी सांगितलेले बरे. दुसरे म्हणजे, कपडे कृपया आमच्याशिवाय घेऊ नयेत. फॅशन स्ट्रीटवर घेतलेला शर्ट बदलून मिळत नाही, आणि मावशीचे मन मोडू नये म्हणून तो एकदा घालून फोटो काढावा लागतो.

मला आजवर मिळालेली सर्वांत आवडती भेट सांगतो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मामा मला पहाटेच्या कर्जत लोकलने नेरळला घेऊन गेला आणि आम्ही पेबचा किल्ला चढलो. लोखंडी शिड्यांवर मी त्याच्या पुढे होतो. तिकिटे, वडापाव आणि दोन लिंबू सरबते मिळून दोघांचे २०० रुपयेही झाले नाहीत. दिवसभरात त्याने दहावीच्या टक्क्यांविषयी एकही प्रश्न विचारला नाही.

गिरगाव

घाटकोपरच्या मुलाचे म्हणणे वाचून मला माझ्या भाचीची आठवण झाली. ती सतत वहीच्या मागच्या पानांवर चित्रे काढत असे. तिच्यासाठी दुकानात गेलो, तर चोवीस रंगांच्या चकचकीत पेट्या समोर मांडलेल्या होत्या. माझे वडील छापखान्यात होते, त्यामुळे कागदाबाबत मी थोडा चोखंदळ आहे. पेटीतल्या चोवीस खडूसारख्या वड्यांपेक्षा तीन चांगल्या ट्यूब बऱ्या, असे ठरवून लेमन यलो, क्रिमसन आणि अल्ट्रामरीन ब्लू एवढेच जलरंग आणि एक गोल ब्रश घेतला. कॅम्लिन ही दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईतच सुरू केलेली कंपनी, तेव्हा तेच रंग घ्यायचे हा माझा जुना हट्ट आहे, त्याला तर्काचा आधार नाही.

चित्रवही मात्र मी करून घेतली. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून कार्ट्रिज कागदाचे २२ बाय २८ इंची दहा ताव आणले. एका तावाचे चार भाग करून प्रत्येक भाग मधोमध दुमडला की ११ बाय ७ इंचांची आठ पाने होतात, म्हणजे दहा तावांत ऐंशी पाने. आमच्या गल्लीतल्या बाइंडरने ती जुन्या हिशेबाच्या वह्यांसारखी दोऱ्याने शिवली आणि घरातल्या एका जीर्ण खणाच्या चोळीचे कापड पुठ्ठ्यावर चढवले. ती चोळी माझ्या आईची, म्हणजे तिच्या आजीची होती. डिंकाने चिकटवलेल्या वहीची पाने उघडताना सुटतात, शिवलेली वही टेबलावर सपाट पडते, म्हणून शिलाईचाच आग्रह धरावा. कागद, शिलाई, तीन ट्यूब आणि ब्रश मिळून ४५० रुपये झाले.

तीन रंगांवर भाची आधी नाराज झाली, हे लपवत नाही. ‘मामा, हिरवा कुठे आहे?’ हा तिचा पहिला प्रश्न होता. पण तीन रंगांत हिरवा करावाच लागतो, आणि जानेवारीत मी तिच्याकडे गेलो तेव्हा वहीच्या एका पानावर निरनिराळ्या हिरव्यांचे सत्तावीस चौकोन रंगवलेले होते आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने प्रमाण लिहिलेले होते. त्यातल्या एकाला तिने ‘ओल्या भिंतीवरचे शेवाळ, आमची चाळ’ असे नाव दिले होते.

वांद्रे, गावठाण

आमच्याकडे नाताळात तरुण मुले चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेट देतात आणि मर्यादा १०० रुपयांची असते. माझ्या मुलाची चिठ्ठी ज्याच्याकडे गेली होती, त्या मुलाकडे तेवढेही पैसे नव्हते. त्याने माझ्या मुलाची गंजलेली सायकल दोन दिवसांसाठी नेली, साखळी रॉकेलने धुऊन तेल घातले, ब्रेकची चाळीस रुपयांची रबरे बदलली आणि हँडलला फीत बांधून नाताळच्या आदल्या रात्री दारात आणून उभी केली. त्या वर्षी सर्वांना हेवा वाटला तो त्या सायकलीचा.

विलेपार्ले

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझ्या सूचनेत थोडा पक्षपात आहे असे समजावे. सीएसएमटीसमोरच्या जीपीओत ‘माय स्टॅम्प’ ही सोय आहे. आपले छायाचित्र आणि ओळखपत्र दिले की बारा तिकिटांचा ताव छापून मिळतो, आणि प्रत्येक तिकिटाशेजारी आपला चेहरा असतो. मी नातीसाठी घेतला तेव्हा त्याला ३०० रुपये पडले होते. ती तिकिटे खरीखुरी असतात आणि पत्रावर चालतात. नातीने आयुष्यात पत्र लिहिले नव्हते, पण स्वतःचा चेहरा पाकिटावर चिकटवून मैत्रिणींना पाठवायची संधी मिळाल्यावर तिने आठवड्याभरात नऊ पत्रे लिहिली. उरलेली तीन तिकिटे तिने जपून ठेवली आहेत.

ज्यांना पैसेच द्यायचे आहेत त्यांनी पाकीट देण्याऐवजी पोस्टात बचत खाते उघडून द्यावे. दहा वर्षांवरील मुलाला ते स्वतःच्या नावे उघडता येते, स्वतःच्या सहीने चालवता येते आणि किमान ५०० रुपये लागतात. थोरल्या नातवाच्या पाकिटातले पैसे दर वर्षी त्याची आईच ‘सांभाळून ठेवते’ म्हणून काढून घेत असे, ते त्यानंतर थांबले. सूनबाई हे वाचत असतील तर त्यांनी राग मानू नये.

नायगाव

थोडक्यात लिहितो. मी कांगा लीगमध्ये खेळत असे, त्या वेळची इंग्लिश विलोची बॅट पलंगाखाली पडून होती. धोबी तलावच्या क्रीडासाहित्याच्या एका दुकानात नवी ग्रिप चढवली, टोकाला रबर लावून घेतले आणि घरी जवसाच्या तेलाचा हलका हात दिला. दांडा जिथे पात्यात बसतो त्या सांध्याला तेल लागू द्यायचे नाही, एवढे पथ्य पाळावे. एकूण खर्च २५० रुपये. भाचा ती बॅट सध्या कोणाच्याही हाती देत नाही, माझ्याही नाही.

लालबाग

सर्वांचे मनापासून आभार. घाटकोपरच्या मुलाचे ऐकून मी पाचही मुलांना फोन करून रक्कम आधीच सांगून टाकली. धाकट्याने ‘आत्या, चालेल की’ एवढेच म्हटले, आणि इतके दिवस मी उगीचच धास्तावले होते असे वाटले. त्याला सोल्डरिंगचे सामान, मल्टिमीटर सोडून, म्हणजे ३९०. चित्रे काढणारीला शिवलेली वही आणि तीन रंग, ४५०. एकाला किंग्ज सर्कलला ३०० रुपयांसह उभे करायचे आहे, आणि एकीचे छायाचित्र तिकिटांसाठी तिच्या आईकडून गुपचूप मागवले आहे, तेही ३००. थोरलीला चप्पल हवी आहे आणि ती लिंकिंग रोडवर स्वतः घासाघीस करणार आहे, मी फक्त ४०० रुपये घेऊन मागे उभी राहायचे आहे. उरलेले १६० रुपये कंदिलाच्या कागदाला जातील. आमच्या इथला बाइंडर वसुबारसेनंतर नवे काम घेत नाही, त्यामुळे कागदाचे ताव उद्याच आणावे लागतील.