इन्फ्रारेड रोल जवळपास कोरा आला, आणि प्रिंटवर तेलरंग टिकत नाहीत

निगेटिव्हवाला:
रोलाय इन्फ्रारेड ४०० (डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाशही टिपणारी काळी-पांढरी फिल्म), ८५० नॅनोमीटरचा फिल्टर (साधारण त्याहून लांब लहरींचाच प्रकाश आत सोडणारा), भर दुपारचं ऊन. लेन्सचं छिद्र एफ/११, वेळ १/३० सेकंद. रोल धुतल्यावर चित्रं जेमतेम दिसतात, आणि सुरुवातीच्या तीन फ्रेमच्या कडा मात्र काळ्या. दुसरा प्रश्न: जुन्या एका निगेटिव्हची ग्लॉसी आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावरची) प्रिंट तेलरंगांनी रंगवायला घेतली, तर रंग नुसता घसरतो, बोळा फिरवला की पुसला जातो. कुठे चुकतंय?

लालकाच:
फिल्टर चुकलाय. ही फिल्म साधारण ८२० नॅनोमीटरपर्यंतच पाहते. ८५० चा फिल्टर त्याच्या अलीकडचा प्रकाश जवळपास सगळा अडवतो, मग फिल्मला उरतं काय? ७२० चा (होया आर७२ किंवा तसाच) लावा. इलफर्ड एसएफएक्स या दुसऱ्या फिल्मची मर्यादा तर ७४० च्या आसपास, तिथे ७२० च्या पलीकडे जायचंच नाही. तुमचं एक्सपोजर ७२० ला ठीक होतं. प्रकाश मोजणारं मीटर आयएसओ १२ वर ठेवा, फिल्टर काढून मोजा (फिल्टरमधून कॅमेऱ्याचं मीटर काहीही सांगतं), आणि प्रत्येक दृश्याच्या एकेक स्टॉप (म्हणजे निम्मा किंवा दुप्पट प्रकाश) कमी-जास्त अशा आणखी दोन फ्रेम घ्या.

काळ्या कडांचं कारण वेगळं. या फिल्मचा बेस पारदर्शक आहे. डब्याबाहेर राहिलेल्या टोकावर पडलेला उजेड बेसमधून काचेच्या नळीतून जावा तसा आत शिरतो. रोल अंधारात भरा-काढा, निदान दाट सावलीत तरी.

सावलीतलाउजेड:
फोकसचंही बघा. आधी फिल्टरशिवाय फोकस करा, मग लेन्सवर लाल ठिपका किंवा ‘आर’ची खूण असेल तर आलेलं अंतर त्या खुणेसमोर आणा. खूण नसेल तर एफ/११ किंवा एफ/१६ चं लहान छिद्र बरंचसं सांभाळून घेतं.

आणि इन्फ्रारेड फोटोत पानं पांढरी दिसतात ती उष्णतेमुळे नव्हे. हरितद्रव्य इन्फ्रारेड प्रकाश शोषत नाही, पानाच्या आतल्या पेशी तो परत फेकतात. म्हणून सावलीतलं झाड निराश करतं, ऊन अंगावर घेतलेलं चमकतं.

बोळा_आणि_ब्रश:
आता रंगाचं. ग्लॉसी आरसीला तेलरंग धरायला पृष्ठभागच नाही. मॅट फायबर पेपर (प्लॅस्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) घ्या, मॅट आरसीवरही बऱ्यापैकी जमतं. प्रिंट पूर्ण वाळवा, टर्पेंटाइनमध्ये थोडं जवसाचं तेल घालून कापसाने पातळ पुसा आणि जादाचं लगेच टिपून घ्या. हे करायचं राहून गेलं तर रंग डागाडागांनी बसतो. मग काडीला कापूस गुंडाळून मटारच्या दाण्याएवढा रंग मोठ्या भागावर गोल गोल घासायचा, आणि कोरड्या कापसाने पुसत पुसत हवा तेवढाच ठेवायचा. तपशील शेवटी, बारीक काडीने. चूक झाली तर तेवढाच भाग टर्पेंटाइनने पुसा.

हे रंग पारदर्शक असतात, काळ्यावर दिसतच नाहीत. म्हणून प्रिंट नेहमीपेक्षा थोडी फिकी आणि एक ग्रेड मऊ (कमी कॉन्ट्रास्टची) काढा. इन्फ्रारेडमध्ये खरी अडचण आकाशाची: ते इतकं काळं येतं की निळा लावला काय, न लावला काय. प्रिंट काढताना एन्लार्जरखाली (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर टाकणारं यंत्र) आकाशावर पुठ्ठ्याची सावली धरा, पुठ्ठा सतत हलता ठेवा, नाहीतर क्षितिजावर रेघ उमटते. पांढऱ्या पानांवर ट्यूबमधला हिरवा सरळ लावू नका, विषारी दिसतो. त्यात पिवळी माती (यलो ओकर) हा रंग आणि किंचित तपकिरी मिसळा.

निगेटिव्हवाला:
सेपिया टोनिंग (प्रिंटला रसायनाने तपकिरी छटा देणं) रंगवण्याआधी की नंतर?

बोळा_आणि_ब्रश:
आधीच. रंगानंतर प्रिंट पाण्यात घालायचीच नाही. टोनिंगमधल्या ब्लीचनंतर (चित्र आधी फिकं करणारं रसायन) पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा, नाहीतर पांढऱ्या पानांवर डाग राहतात. वास नको असेल तर सल्फाइडऐवजी थायोयुरियाचा टोनर. रंगवलेली प्रिंट आडवी, धुळीपासून झाकून, काही दिवस वाळू द्या. जाड थर लागला असेल तर आठवडाही लागतो.