पावसाळ्यात घरचा व्यायाम

पाऊस लागला की फिरणं थांबतं आणि घरातला व्यायाम ‘उद्यापासून’वर जातो, हे तुमचं म्हणणं पटलं. आमच्या फोंड्यातही जुलैत तेच. पण यात इच्छाशक्ती कमी पडते असं मला वाटत नाही; बहुतेकदा वेळ आणि जागाच ठरलेली नसते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं: ‘व्यायाम करीन’ असं नुसतं म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की लगेच करीन’ असं ठरवलं, तर ते हातून घडण्याची शक्यता वाढते. तोंड धुतलं की सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, सूर्यनमस्कार, मगच चहा. चटई रात्रीच तिथे ठेवा, शोधाशोधीत निम्मा उत्साह जातो.

आणि अर्धा तास सलग मिळत नाही म्हणून कृपया सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये किमान १० मिनिटं सलग व्यायामाची अट काढून टाकली. तिने प्रौढांना सांगितलेली मध्यम श्रमाच्या व्यायामाची आठवड्याची १५० ते ३०० मिनिटं तुकड्यातुकड्यांनीही भरतात. शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम हवा, तो आपण सगळेच विसरतो. पायरीवर हात टेकून जोर काढा, खुर्चीवरून उठबस करा. चतुर्थीच्या धावपळीत खंड पडेलच. तेव्हा पाचच मिनिटं करा, पण वेळ तीच ठेवा. गुडघे दुखत असतील तर मात्र बैठका डॉक्टरांना विचारूनच.