यूएस आणि कॅनडा दोन्ही पासपोर्ट आहेत, परत कॅनडात जायचंय. माणसांत घेणारं गाव कसं शोधायचं?

सई_डॅलस
नमस्कार मंडळी, थोडं लांबलं आहे, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं सध्या डॅलसजवळ. त्याआधी कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागात होतो, तिथेच कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, मग नवऱ्याला टीएनवर (कॅनेडियन नागरिकांना मिळणारं वर्क परमिट) इकडे जॉब लागला, यथावकाश ग्रीन कार्ड झालं आणि मागच्या वर्षी अमेरिकन सिटिझनही झालो. म्हणजे पासपोर्ट दोन, आणि वर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड), ज्याला सासूबाई अजूनही तिसरा पासपोर्ट म्हणतात, समजावून सांगणं मी सोडून दिलंय. थोरली मिसिसागात झाली, धाकटा इथे. नवऱ्याची कंपनी टोरांटोच्या पेरोलवर घ्यायला तयार आहे, महिन्यातून एकदा ऑफिसात तोंड दाखवलं की झालं.

कागदांचं बघून घेऊ हो, प्रश्न गावाचा आहे. मिसिसागात जुनी मित्रमंडळी आहेत, पण तेव्हा इतकी वर्षं राहून आम्ही देशी सोडून कोणाच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. इथे तर काय, शेजारी गॅरेज उघडतो, गाडी आत, दार बंद, हात हलवायलाही मिळत नाही. मला अशी जागा हवीय जिथे कोणी "येता का" म्हणेल आणि मुलांना रस्त्यावर खेळायला कोणीतरी असेल. डोक्यात किचनर-वॉटर्लू (टोरांटोच्या पश्चिमेला), हॅलिफॅक्स (पार पूर्व किनाऱ्यावर) आणि पुन्हा मिसिसागाच. आणि हल्ली कॅनडात आपल्या लोकांबद्दल जे काय ऑनलाइन वाचायला मिळतं ते खरंच तसं आहे का? तिथे राहणाऱ्यांनीच सांगा प्लीज.

कागदवाली
"कागदांचं बघून घेऊ" वाचून हसू आलं, सॉरी. आधी धाकट्याचं बघा. तो इथे जन्मला तरी तुमच्यामुळे जन्मतःच कॅनेडियन आहे, पण ते सिद्ध करायला सिटिझनशिप सर्टिफिकेट लागतं, त्याशिवाय त्याचा कॅनेडियन पासपोर्ट निघत नाही. त्याला महिने लागतात, आजच अर्ज टाका. प्रवासाला फार अडत नाही, अमेरिकन-कॅनेडियन लोकांना अमेरिकन पासपोर्टवर कॅनडात विमानाने जाता येतं (बाकी देशांच्या ड्युअलवाल्यांना ही सवलत नाही), फक्त अमेरिकेत शिरताना अमेरिकनच दाखवायचा.

दुसरं म्हणजे आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) काही तुमचा पिच्छा सोडत नाही. अमेरिकन नागरिक कुठेही राहो, रिटर्न भरायचाच, आणि बाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही 10,000 डॉलरच्या वर गेली की एफबारही (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा. तिकडची बँक पहिल्याच दिवशी प्रेमाने टीएफएसए (कॅनडाचं करमुक्त बचत खातं) उघडून देईल, उघडू नका, अमेरिका त्याला करमुक्त मानत नाही. कॅनडातले म्युच्युअल फंड आणि ईटीएफ घेतले की वेगळीच डोकेदुखी. दोन्हीकडचा टॅक्स कळणारा सीए आत्ताच गाठा. आणि ज्या दिवशी तिकडचे टॅक्स रेसिडेंट व्हाल त्या दिवशीचे तुमच्या शेअर्सचे भाव लिहून ठेवा, कॅनडाच्या लेखी तीच तुमची खरेदी किंमत. अमेरिकेच्या लेखी मात्र जुनीच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाला धरून एक. नवीन आलेल्यांसाठी ज्या फेडरल पैशावर चालणाऱ्या सेटलमेंट सर्व्हिसेस असतात, नोकरी शोधायला मदत, गटगप्पा वगैरे, त्या पीआर (कायम रहिवासी) आणि रेफ्युजींसाठी आहेत, नागरिकांना त्यात घेत नाहीत. कागदावर तुम्ही घरच्याच ना! म्हणजे नवखेपण पूर्ण, पण सोय नवख्याची नाही. क्रेडिट हिस्टरीही बहुतेक पहिल्यापासून. गाव निवडताना हे धरून चला, की तिथे तुमची ओळख करून द्यायला सरकारचं कोणी येणार नाहीये.

बर्फातला_कोल्हापूरकर
सईताई, मी किचनरला. आधी वाईट ते सांगतो. हो, बदललंय. इथे कॉलेजांनी मागचापुढचा विचार न करता आपल्याकडची पोरं भरली, एकेका बेसमेंटात सहा-सहा जण, भाडी आभाळाला टेकली, आणि राग निघाला तो त्या पोरांवर. जानेवारी 2024 मध्ये फेडरल सरकारने स्टुडंट परमिटवर कॅप लावली तेव्हापासून गर्दी कमी झाली, वाकडं बोलणं मात्र तसंच राहिलं. पण ते सगळं फोनवर, ऑनलाइन. माझ्या तोंडावर बसमध्ये एकदाच कोणीतरी बडबडलं, आणि त्याला गप्प केलं ते शेजारच्या गोऱ्या आजीने. तरी पोरगी शाळेतून काही ऐकून येते का हे आम्ही विचारत असतो, खोटं कशाला बोलू.

आता चांगलं. ह्या भागाला बाहेरच्याला घरात घ्यायची जुनी सवय आहे. मेनोनाइट (साधं राहणारा एक ख्रिश्चन पंथ) लोक इथले, 1979 मध्ये व्हिएतनाम-लाओसकडून पळालेल्या लोकांना आणायला सरकारबरोबर पहिला स्पॉन्सरशिप करार केला तो मेनोनाइट सेंट्रल कमिटीने. चर्चमधली चारपाच घरं मिळून एक कुटुंब आणायची, वर्षभर त्यांचं भाडं, शाळा, डॉक्टर सगळं बघायची. सीरियन लोक आले तेव्हाही तेच. आमच्या गल्लीतल्या रिटायर्ड मास्तरांनी असंच एक कुटुंब आणलेलं, त्यांच्यामुळे ते कुटुंब आणि आम्ही आता एकमेकांकडे जेवायला असतो. म्हणून माझं मत असं की गाव वेलकमिंग आहे का हे वेबसाइटवर बघू नका, सगळी गावं तिथे हसतच असतात. तिथे कोणी कोणाला स्पॉन्सर केलंय का, लायब्ररीत मंगळवारी सकाळी कोण बसलेलं असतं, हे बघा.

आणि बघायला फेब्रुवारीत या!! जुलैत सेंट जेकब्सचा बाजार बघून सगळेच प्रेमात पडतात. इथे बर्फ पडून थांबला की 24 तासांत आपल्या घरापुढचा फुटपाथ आपण साफ करायचा, नियमच आहे. तेव्हा कळतं शेजार. आमच्याकडे जो पहिला उठतो तो मशीन घेऊन सहासात घरांपुढून मारत जातो, काही बोलत नाही, हात वर करतो आणि पुढे. तुम्ही दोनदा केलंत की तिसऱ्यांदा कोणीतरी तुमच्या दाराशी थांबून बोलतोच. मुलांना स्केटिंगला घाला, रिंकवर पहाटे थंडीत पोरांच्या बुटांच्या नाड्या आवळत बसलेले आईबाप बोलल्याशिवाय राहत नाहीत, दुसरं करायला काही नसतं.

हॅलिफॅक्सची_वहिनी
आमच्याकडे लोक बोलके आहेत, ते अगदी खरं. रस्ता ओलांडायला नुसतं फुटपाथच्या कडेला उभं राहिलं तरी गाड्या थांबतात. पलीकडे डार्टमथला जाणाऱ्या फेरीबोटीत रोज दिसणारी बाई तिसऱ्या दिवशी तुमच्या मुलाचं नाव विचारते. पण (मोठा पण) बोलणं वेगळं आणि रविवारच्या जेवणाला बोलावणं वेगळं. इथल्या माणसाला चुलत-मावस भावंडं आणि बालवाडीपासूनचे मित्र गावातच असतात, त्याच्या टेबलावर खुर्ची रिकामीच नसते. आमच्या ओळखी वाढल्या त्या बहुतेक दुसऱ्या बाहेरच्यांशीच, ओंटारियोतून आलेले, लेबनीज, फिलिपिनो नर्सेस. मला त्यात वाईट काही वाटत नाही पण अपेक्षा ठेवून येऊ नका.

मराठी घरं मोजकी, गणपती कोणाच्या तरी बेसमेंटात, मोदकाला तांदळाची पिठी कोणाकडे आहे त्याचा ग्रुपवर आदल्या रात्री शोध. फॅमिली डॉक्टरसाठी प्रॉव्हिन्सची वेटिंग लिस्ट आहे आणि ती लांब आहे, मुलांना दमा-बिमा असेल तर हे हलक्यात घेऊ नका. भारतात जायचं तर आधी टोरांटो किंवा युरोप. टॅक्सही जास्त. एवढं सगळं असून मी इथून हलणार नाही, समुद्र आहे ना, मी मूळची मालवणची.

मुक्काम_पोस्ट_ब्रॅम्प्टन
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. "देशी सोडून कोणाच्या घरी गेलो नाही" असं लिहिलंत. तुम्ही कोणाला बोलावलं होतंत का? आमच्या एका बाजूला जमैकन मावशी, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज काका, काका दर सप्टेंबरात गॅरेजमध्ये द्राक्षं चिरडून वाइन करतात आणि मला पिंप धरायला हाक मारतात. हे आपोआप नाही झालं, बायकोने पहिल्या दिवाळीला दोन्हीकडे चकल्या नेऊन दिल्या तेव्हापासून.

आणि देशी माणसांना कमी का लेखायचं? माझ्या वडिलांना इथे आल्यावर अटॅक आला (सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या लांब मुदतीच्या व्हिसावर होते, इन्शुरन्स होता म्हणून वाचलो) तेव्हा मंडळातल्या लोकांनी महिनाभर डबे दिले, हॉस्पिटलला सोडणं-आणणं केलं. मराठी भाषिक मंडळ आहे, बीएमएमचा (बृहन्महाराष्ट्र मंडळाचा) अभ्यासक्रम शिकवणाऱ्या मराठी शाळा आहेत, आजी-आजोबांना गप्पा मारायला बागेत माणसं आहेत. आईवडील येऊन-जाऊन असणार असतील तर माझं मत डोळे मिटून जीटीए (टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन हा सगळा पट्टा). हॅलिफॅक्सला तुमच्या सासूबाई दिवसभर कोणाशी बोलणार, सीगलशी?

हॅलिफॅक्सची_वहिनी
@मुक्काम_पोस्ट_ब्रॅम्प्टन सीगल बरे, निदान कोणाची नोकरी काय आणि घर केवढ्याचं ते विचारत नाहीत 😄

सई_डॅलस
सगळ्यांचे आभार, कागदवाली तुमचे जास्तच, धाकट्याचा अर्ज आज भरायला घेतला. सासूबाई दरवर्षी पाचसहा महिने असतात, हे मी लिहायला हवं होतं, त्यामुळे हॅलिफॅक्स बहुतेक गळालं. (वहिनी, सुट्टीत येऊच.) बोलावण्याबद्दलचं लागलं पण बरोबर आहे, आम्ही तेव्हा बोलावलं नव्हतंच कोणाला. आता किचनर की मिसिसागा एवढंच. किचनरहून महिन्यातून एकदा टोरांटो जमतं ना? आणि सासूबाईंना तिथे कंपनी मिळेल का? गाडी आणू की विकू?

बर्फातला_कोल्हापूरकर
टोरांटोला गो ट्रेन आहे, महिन्यातून एकदा म्हणजे काहीच नाही. सासूबाईंसाठी मंदिर आहे, गुजराती-पंजाबी आज्या भरपूर, मराठी कमी. त्यांना हिंदी बोलायला आवडत असेल तर रमतील, नाहीतर अर्धा मुक्काम मिसिसागात कोणाकडे तरी करावा लागेल. घर घेऊ नका लगेच, वर्षभर भाड्याने राहा. धाकट्याला फ्रेंच इमर्शनला (बरंचसं शिक्षण फ्रेंचमधून) घालायचं असेल तर ते पहिलीपासून सुरू होतं आणि नावनोंदणी आधीच्या हिवाळ्यातच होते, शाळेला आत्ताच मेल टाका.

कागदवाली
गाडी जुनी असेल तर विका. आणायचीच तर ट्रान्सपोर्ट कॅनडाच्या आयात करता येणाऱ्या गाड्यांच्या यादीत मॉडेल आहे का बघा, कंपनीकडून रिकॉल बाकी नसल्याचं पत्र घ्या, आणि अमेरिकन बॉर्डरवर 72 तास आधी एक्सपोर्टची माहिती द्यावी लागते, त्याशिवाय परत पाठवतात. कॅनडाच्या कस्टम्ससाठी सामानाच्या यादीच्या किमतींसकट दोन प्रती करा, नंतर मागून येणारं सामान असेल तर तेही त्याच दिवशी यादीत घाला.