क्रॉप केल्यानंतर एका लेयरच्या कडा परत आल्या, दुसऱ्याच्या का आल्या नाहीत?

प्रश्न

नमस्कार. एका भित्तिपत्रकाचे काम करताना मला एक अडचण आली आहे आणि तिचे कारण नीट समजून घेतल्याशिवाय पुढे काही करू नये असे वाटते. फोटोशॉपमध्ये मी झाडांच्या रांगेचे एक छायाचित्र थेट उघडले, ज्याचा आकार ६००० बाय ४००० पिक्सेल होता. पार्श्वभूमी आधीच काढून टाकलेले एका व्यक्तीचे पीएनजी चित्र फाइल मेनूतील ‘प्लेस’ वापरून त्यावर आणले आणि सर्वांत वर मजकुराचा लेयर (एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एक) ठेवला. नंतर ४:५ या प्रमाणात क्रॉप केले, म्हणजे कडा कापल्या आणि कॅनव्हास (चित्राचे दिसणारे क्षेत्र) ३२०० बाय ४००० एवढा उरला. क्रॉपची चौकट मी थोडी डावीकडे सरकवली होती, त्यामुळे त्या व्यक्तीचे एक कोपर चौकटीबाहेर गेले. एवढे झाल्यावर फाइल पीएसडी या लेयर टिकवणाऱ्या स्वरूपात सेव्ह करून बंद केली.

आता तेच भित्तिपत्रक आडव्या आकारातही हवे आहे, म्हणून ‘कॅनव्हास साइझ’मधून रुंदी पुन्हा ६००० केली. व्यक्तीचे कोपर जसेच्या तसे परत दिसू लागले, मात्र झाडांच्या दोन्ही बाजूंना केवळ पांढरे पट्टे आले. दोन्ही लेयर एकाच वेळी, एकाच टूलने कापले गेले असताना एक शाबूत कसा राहिला आणि दुसरा कसा तुटला? शिवाय झाडांच्या लेयरवर मी जवळजवळ दोन तास बसून विजेच्या तारा पुसल्या आहेत. मूळ छायाचित्र माझ्याकडे आहे, परंतु तारा पुसण्याचे काम वाया न घालवता कडा परत मिळवता येतील का?

पहिले उत्तर

येतील, आणि तारा पुन्हा पुसाव्या लागणार नाहीत. निदान जिथे पुसल्या आहेत तिथे तरी नाहीत. आधी कारण सांगतो, कारण ते कळले की उपाय आपोआप सुचतो.

क्रॉप टूल हे लेयरचे टूल नाही, संपूर्ण कॅनव्हासचे आहे. चौकटीबाहेर राहिलेल्या भागाचे काय करायचे हे त्या टूलच्या वरच्या पट्टीतील ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’ या खुणेवरून ठरते. खूण असेल तर बाहेरचे पिक्सेल खरोखर नष्ट होतात आणि नसेल तर ते कॅनव्हासच्या कडेपलीकडे लपून राहतात. आपल्या फाइलमध्ये ती खूण होती असे दिसते. मात्र ही कात्री चालते ती साध्या पिक्सेलच्या लेयरवर. ‘प्लेस’ने आणलेले चित्र स्मार्ट ऑब्जेक्ट होते, म्हणजे मूळ चित्र आतमध्ये अखंड ठेवून बाहेर त्याचे केवळ प्रतिबिंब दाखवले जाते, आणि क्रॉप त्या आतल्या चित्राला हात लावत नाही. म्हणून कोपर वाचले. मजकुराचा लेयरही याच कारणाने सुरक्षित आहे, कारण तिथे अक्षरांच्या आकृत्या असतात, पिक्सेल नसतात. थेट उघडलेले झाडांचे छायाचित्र मात्र ‘बॅकग्राउंड’ या कुलूपबंद लेयरमध्ये होते आणि त्याला कॅनव्हासपलीकडे काही ठेवताच येत नाही. कॅनव्हास वाढवला की तो लेयर रिकामी जागा रंगाने भरून टाकतो. आपल्याला दिसलेले पांढरे पट्टे हे त्या लेयरचे खरेखुरे पिक्सेल आहेत.

म्हणून पांढरे पट्टे आलेली अवस्था सेव्ह न करता ती फाइल बंद करावी आणि ३२०० बाय ४०००ची पीएसडी पुन्हा उघडावी. बॅकग्राउंड लेयरवर दोनदा क्लिक करून त्याचा साधा लेयर करावा. मूळ छायाचित्र स्वतंत्रपणे उघडून ‘डुप्लिकेट लेयर’ने या फाइलमध्ये पाठवावे. इथे ‘प्लेस’ मुद्दाम टाळावे, कारण प्लेस करताना फोटोशॉप मोठे चित्र कॅनव्हासमध्ये मावेल इतके लहान करते आणि मग पिक्सेलला पिक्सेल जुळत नाही. डुप्लिकेट केलेला लेयर मूळ आकारातच येतो आणि कॅनव्हासबाहेर गेलेला त्याचा भागही टिकतो. हा लेयर तारा पुसलेल्या लेयरच्या खाली ठेवावा.

आता जुळवणी. वरच्या लेयरचा ब्लेंड मोड (तो खालच्या लेयरशी कसा मिसळतो ते) ‘डिफरन्स’ करावा, बाकीचे लेयर डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून लपवावेत आणि खालचा लेयर बाणाच्या कळांनी सरकवावा. एका दाबात तो १ पिक्सेल सरकतो आणि शिफ्टसह १० पिक्सेल. जुळवणी चुकलेली असेल तोवर प्रत्येक फांदीला दुहेरी उजळ कड दिसते. बरोबर जागी आल्याच्या क्षणी सगळे चित्र काळे होते आणि त्या काळ्यावर फक्त आपण पुसलेल्या तारा बारीक, फिकट रेषांसारख्या उरतात, कारण दोन्ही लेयरमध्ये तेवढाच फरक असतो. हे दृश्य दिसले की जुळवणी शंभर टक्के झाली असे समजावे. मग ब्लेंड मोड पुन्हा ‘नॉर्मल’ करावा आणि इमेज मेनूतील ‘रिव्हील ऑल’ निवडावे. कॅनव्हास सगळे लेयर मावतील इतका आपोआप मोठा होतो.

क्रॉप करताना फक्त प्रमाण दिले होते की रुंदी, उंची आणि रिझोल्यूशन असे तिन्ही आकडे दिले होते, हे मात्र आठवून पाहावे. केवळ प्रमाण दिले असेल तर पिक्सेल जसेच्या तसे राहतात. तिन्ही आकडे दिले असतील तर चित्राचे नव्याने मापन होते आणि मूळ छायाचित्रही त्याच पटीत लहानमोठे करावे लागते. आपली उंची ४०००च राहिली आहे, त्यावरून प्रमाणच दिले असावे.

दुसरे उत्तर

वरील स्पष्टीकरण अचूक आहे. त्यात गिंप हे चित्र-संपादनाचे दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडी भर घालते, कारण हाच गोंधळ तिथे वेगळ्या रूपात होतो आणि तो पुष्कळदा चित्राचा दोष समजला जातो.

गिंपमध्ये प्रत्येक लेयरला स्वतःची हद्द असते आणि ती कॅनव्हासच्या हद्दीहून लहान किंवा मोठी असू शकते. निवडलेल्या लेयरभोवती पिवळी-काळी तुटक रेषा दिसते ती हीच हद्द होय. क्रॉप टूलच्या पर्यायांमध्ये ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’ आणि ‘करंट लेयर ओन्ली’ अशा दोन खुणा आहेत. पहिली काढून टाकली तर कॅनव्हास लहान होतो, परंतु लेयर पूर्वीएवढाच राहतो, आणि ती तुटक रेषा कॅनव्हासच्या बाहेर गेलेली दिसते. असा क्रॉप मागे घ्यायचा असेल तर इमेज मेनूतील ‘फिट कॅनव्हास टू लेयर्स’ पुरेसे आहे. दुसऱ्या खुणेने कॅनव्हासला धक्का न लावता केवळ एक लेयर कातरता येतो आणि फोटोशॉपच्या क्रॉप टूलमध्ये नसलेली ही सोय मला फार मोलाची वाटते.

‘लेयर टू इमेज साइझ’ या आज्ञेपासून मात्र सावध राहावे. ब्रश लेयरच्या हद्दीपलीकडे रंग भरत नाही, म्हणून पुष्कळ जण ही आज्ञा सवयीने देतात. लेयर कॅनव्हासपेक्षा लहान असेल तर ती योग्यच आहे, पण मोठा असेल तर कॅनव्हासबाहेर जपून ठेवलेला सगळा भाग ती कापून टाकते आणि ते करताना काहीही विचारत नाही.

फोटोशॉपमध्ये एकच लेयर चौकटीत बसवायचा असेल तर क्रॉपकडे वळूच नये. चौकोनी सिलेक्शन करून लेयर मास्क (लेयरचा काही भाग न पुसता झाकणारा पडदा) लावावा. लेयरच्या छोट्या चित्रामध्ये आणि मास्कमध्ये साखळीचे चिन्ह असते, त्यावर क्लिक करून ती साखळी सोडवली की मास्कची चौकट जागेवर राहते आणि आतले चित्र खिडकीमागे सरकवल्यासारखे हवे तसे हलवता येते.

तिसरे उत्तर

काहीही नष्ट न करण्याची सवय मीही पाळतो, तरी एका बाबतीत ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’ची खूण ठेवूनच क्रॉप करावे असे माझे ठाम मत आहे. चौकटीबाहेर एखाद्याचा चेहरा, पत्ता किंवा कागदपत्र असेल आणि लेयर असलेली फाइल दुसऱ्याच्या हाती जाणार असेल, तर लपलेले पिक्सेल त्या फाइलसोबत जातात आणि ‘रिव्हील ऑल’ची एक आज्ञा ते उघड करते. स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत तर अख्खे चित्र असते, त्यामुळे तिथे खूण ठेवूनही उपयोग होत नाही. तो लेयर आधी ‘रास्टराइझ’ करावा, म्हणजे साध्या पिक्सेलच्या लेयरमध्ये बदलावा लागतो. जेपीजी स्वरूपात लेयर नसतातच, म्हणून चित्र बाहेर पाठवायचे झाल्यास सपाट केलेली जेपीजी पाठवणे अधिक सुरक्षित.

क्रॉप केलेला भाग गेला असे गृहीत धरणे किती धोक्याचे आहे हे मार्च २०२३मध्ये उघड झाले. गुगलच्या पिक्सेल फोनवरील ‘मार्कअप’ या चित्र-संपादनाच्या साधनामध्ये चित्र क्रॉप केल्यावर नवी, लहान फाइल जुन्या फाइलवरच लिहिली जात असे, पण जुन्या फाइलचे उरलेले शेपूट कापले जात नव्हते. त्या शेपटातून मूळ चित्राचा काही भाग पुन्हा उभा करता येत होता. विंडोज ११मधील पडद्याचे चित्र टिपणाऱ्या ‘स्निपिंग टूल’मध्येही तसाच दोष आढळला. दोन्ही दोष नंतर दुरुस्त झाले, तथापि दुरुस्तीपूर्वी पाठवली गेलेली चित्रे जशी होती तशीच राहिली.

फाइलच्या आकाराचा विचारही करावा. ६००० बाय ४०००चा आठ-बिट आरजीबी लेयर न दाबता मोजला तर सुमारे ७२ एमबी होतो आणि सोळा-बिट केला की दुप्पट. पीएसडीची मर्यादा २ जीबी आहे, म्हणून बरेच लेयर असतील तर मोठ्या फाइलसाठीचे पीएसबी स्वरूप वापरावे.

प्रश्नकर्त्याचे म्हणणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डिफरन्स मोडमध्ये चित्र काळे झाले, मात्र पूर्ण काळे नाही. एकसारखी गडद करडी छटा राहिली आणि त्यावर पुसलेल्या तारांच्या रेषा स्पष्ट दिसल्या. ‘नॉर्मल’ केल्यावर मधला भाग उजळ आणि दोन्ही बाजूंचे नवे भाग काहीसे मंद दिसत आहेत, सांध्याची उभी रेषा नजरेत भरते. आता आठवते की तारा पुसण्यापूर्वी मी त्याच लेयरवर थेट ‘कर्व्ह्ज’ (उजळपणा बदलणारी आज्ञा) लावले होते. शिवाय नव्या बाजूंना तारा अर्थातच शिल्लक आहेत.

पहिले उत्तर देणाऱ्याचे प्रत्युत्तर

फांद्यांच्या कडा दुहेरी दिसत नसतील तर जुळवणी बरोबर आहे आणि करडी छटा केवळ त्या कर्व्ह्जमुळे आहे. खालच्या, मूळ छायाचित्राच्या लेयरवर ‘कर्व्ह्ज’चा ॲडजस्टमेंट लेयर (मूळ पिक्सेल न बदलता परिणाम दाखवणारा लेयर) ठेवून तो क्लिपिंग मास्कने फक्त त्याच लेयरला बांधावा. वरचा लेयर पुन्हा ‘डिफरन्स’वर नेऊन कर्व्ह्जची रेषा हळूहळू वर न्यावी, करडी छटा विरून काळी होईल तिथे थांबावे. डोळ्याने रंग जुळवण्यापेक्षा हे अधिक विश्वासार्ह आहे, कारण उजळपणातील अगदी थोडा फरकही काळ्यावर लगेच उठून दिसतो. तरीही सांधा जाणवला तर वरच्या लेयरला मास्क लावून त्याच्या दोन्ही कडांवर मऊ काळा ब्रश फिरवावा. कडेच्या पट्ट्यात तार पुसलेली असेल तर तिथे ब्रश नेऊ नये, नाहीतर खालच्या लेयरमधील तार पुन्हा वर येईल.

नव्या बाजूंच्या तारा मात्र पुसाव्याच लागतील. त्यासाठी झाडांच्या दोन्ही लेयरच्या वर आणि व्यक्तीच्या लेयरच्या खाली एक रिकामा लेयर घ्यावा, क्लोन स्टँप या एका जागेचे पिक्सेल दुसरीकडे उमटवणाऱ्या टूलचा नमुना ‘करंट अँड बिलो’वर (हा लेयर आणि त्याखालचे लेयर) ठेवावा आणि त्या रिकाम्या लेयरवरच काम करावे. पुढचा क्रॉप करण्यापूर्वी ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’ची खूण काढली आहे ना, हे वरच्या पट्टीत एकदा पाहून घ्यावे, फोटोशॉप मागच्या वेळची निवड तशीच धरून ठेवते.

प्रश्नकर्त्याचे म्हणणे

कर्व्ह्ज जुळले आणि सांधा दिसेनासा झाला. डाव्या बाजूच्या तारा पुसून झाल्या आहेत, उजवीकडच्या तारा पानांच्या आड असल्यामुळे त्यांना वेळ लागतो आहे. खूण काढून ठेवली आहे.