तालुक्याचं पाक्षिक वाचकांच्या वर्गणीवर चालवायचंय, सुरुवात कुठून करावी?

सोयाबीनपट्टा विचारतात:

तालुका साधारण ९० गावांचा. दैनिकांचे वार्ताहर आहेत, पण त्यांना पगार नाही, जाहिरातींवरचं कमिशन हीच कमाई. मग वाढदिवस, निवडी, सत्कार भरभरून छापून येतात आणि टाकी उभी राहून नळाला पाणी का नाही, हे कुठेच येत नाही. शिक्षक, निवृत्त ग्रामसेवक, दोन वकील आणि काही तरुण शेतकरी असे पंधराएक जण जमलो आहोत. चार पानी पाक्षिक आणि जोडीला व्हॉट्सअ‍ॅप, असा विचार आहे. आधी नोंदणी की आधी अंक? पैसा असा कसा जमवायचा की पेपर कुणा पुढाऱ्याच्या दावणीला बांधला जाणार नाही? गावची काही मंडळी अमेरिकेत आहेत, ती मदत करायला तयार आहेत. घ्यावी का?

---

खिळेजोड:

आधी नोंदणीही नाही, अंकही नाही. आधी वर्गणीदारांची यादी. अंक काढून वाचक शोधायला निघालेली साप्ताहिकं दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर येऊन थांबतात आणि तिथूनच पुढाऱ्यांचे फोन सुरू होतात.

हिशेब असा धरा. एक पूर्णवेळ वार्ताहर १५,०००, पेट्रोल आणि मोबाइल ३,०००, दोन अंकांच्या प्रत्येकी हजार प्रती चार रुपयांनी ८,०००, किरकोळ २,०००. महिन्याला २८,०००, वर्षाला ३,३६,०००. तुमच्याकडचे दर घालून आकडे बदला, पण वार्ताहराचा पगार कापून जमवाजमव करू नका. तो कापला की गडी पुन्हा जाहिरातीच्या मागे लागणारच. वर्षाची वर्गणी ६०० धरली तर ५६० घरं लागतात. दुसऱ्या वर्षी पावाएक लोक गळतात हे गृहीत धरून ७५० चं लक्ष्य ठेवा. ९० गावांत म्हणजे गावामागे आठ-नऊ घरं. प्रत्यक्षात तीसेक गावं बहुतेक भार उचलतील, बाकीच्यांत एकदोन घरं.

महिना नीट निवडा. सोयाबीनचा पैसा हातात येतो दिवाळीच्या आसपास, तेव्हा वर्गणी कार्तिक-मार्गशीर्षात गोळा करा. जूनमध्ये बी-बियाण्याच्या धांदलीत गेलात तर "पुढच्या महिन्यात बघू" ऐकून परत याल. यूपीआय घ्याच, पण पावतीपुस्तक हवं. पावतीवर क्रमांक, पेनाने सही, स्थळप्रत आपल्याकडे. गावात घरोघर फिरायला त्याच गावचा माणूस पाठवा, तालुक्याच्या ठिकाणचा नको.

पुढाऱ्यांपासून वाचायचं तर नियम पैशाआधी ठरवा आणि पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहा. कुणाही एकाकडून वर्षाला १५,००० च्या वर नाही, म्हणजे एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांच्या आतच. २,००० वरचं प्रत्येक नाव अंकात छापायचं. निवडून आलेले पदाधिकारी आणि ठेकेदार फक्त ६०० चे वर्गणीदार, देणगीदार नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बातमी छापण्याआधी पैसे जमवणाऱ्या समितीला दाखवायची नाही. पैसे जमवणारे वेगळे, संपादन करणारे वेगळे. पंधरा जणांत हे दोन गट आजच पाडा. नंतर पाडायला गेलात की भांडण ठरलेलं.

खेड्यातून पेपर चालतो का, ही शंका कुणी काढलीच तर मुकुंदराव पाटलांचं 'दीनमित्र' साप्ताहिक सांगा. १९१० पासून १९६७ पर्यंत, बहुतेक काळ नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या गावातून.

---

दाखलनोंद:

नोंदणीचं. १८६७ चा जुना कायदा गेला. १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू आहे. अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर, शीर्षक आणि नोंदणी एकत्रच. जिल्हाधिकाऱ्यांसमोर घोषणापत्राची जुनी फेरी आता नाही. अर्जाची प्रत त्यांच्याकडे जाते आणि अभिप्रायाला ६० दिवसांची मुदत असते. शीर्षकावर अर्ज अडकतात. मराठीत देशात कुठेही, किंवा महाराष्ट्रात कुठल्याही भाषेत, तेच किंवा मिळतंजुळतं नाव दुसऱ्याकडे असेल तर मिळत नाही. 'जनमत', 'लोकवार्ता' असल्या नावांच्या नादी लागू नका. नदी, डोंगर, तालुक्याचं नाव असं जोडून चार पर्याय तयार ठेवा. नोंदणीशिवाय नियमित अंक काढला तर दंडाची तरतूद आहे, तेव्हा "आधी दोनचार अंक काढून बघू" हे नको.

मालकी कुणा एकाच्या नावावर ठेवू नका. किमान सात जणांची संस्था करून १८६० च्या संस्था नोंदणी आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली सहायक धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा. गोची पुढे होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो कुणी देत नाही. मग पाच वर्षांनी परिशिष्टावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं असतात आणि बँक नव्या सह्या घेत नाही. चिटणीस निवडताना भाषण करणारा नको, कागद सांभाळणारा घ्या.

अमेरिकेचा पैसा: विदेशी अंशदान कायदा, २०१० चं कलम ३ वाचा. नोंदणीकृत वृत्तपत्राचा मालक, संपादक, मुद्रक, प्रकाशक, वार्ताहर, स्तंभलेखक, अगदी व्यंगचित्रकारालासुद्धा विदेशी देणगी घेता येत नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दृक्‌श्राव्य बातम्या देणाऱ्या संस्थांनाही तेच. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे यात मोडत नाहीत. ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशस्थांचं) कार्डवाला मात्र कायद्याने परदेशी नागरिकच, आडनाव कुलकर्णी असो की जाधव. देणगी घेण्याआधी पासपोर्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. संकोच वाटला तर घेऊच नका.

---

मोजपट्टी:

वर्गणी मागायला जाताना हातात नमुना हवा. तुमचाच नळाचा विषय घ्या, पण "पाणी येत नाही" एवढी बातमी नव्हे. जलजीवन मिशनचं प्रमाण आहे माणशी रोज ५५ लिटर. एका घरात बादली लावून बघा. १५ लिटरची बादली पाच मिनिटांत भरते आणि पाणी दिवसाआड ४५ मिनिटं येतं, तर नऊ बादल्या, १३५ लिटर, दोन दिवसांचे. पाच माणसांच्या घरात माणशी रोज साडेतेरा लिटर. टाकीजवळचं, मधल्या आळीतलं आणि शेवटच्या टोकाचं अशी किमान तीन घरं मोजा. तीनही आकडे सहसा फार वेगळे निघतात आणि खरी बातमी त्या फरकात असते.

मग कागद. योजनेचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, योजना ताब्यात घेतल्याचा ठराव आणि पाणीपुरवठ्याच्या वीजबिलाची थकबाकी. पुष्कळदा सगळं बांधून झालेलं असतं आणि मोटारीचं बिलच थकलेलं असतं. कधी उद्भवाची, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी, विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. ठेकेदाराला झोडण्याआधी हे दोन तपासा.

माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत, एका अर्जात एकच विषय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीन योजना एका अर्जात विचारल्या की पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्याहून जवळची वाट म्हणजे २०१८ च्या शासन निर्णयानुसार सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहायला मिळतात, तसे जाऊन पाहणे. फाइल समोर आली की कुठलं पान मागायचं ते कळतं. नुसतं "सर्व कागदपत्रे" मागितलीत तर दोन रुपये पानाने भलतंच बिल येईल.

छापण्याआधी ज्याच्यावर आरोप आहे त्याला लेखी प्रश्न पाठवा, दोन दिवस द्या, स्क्रीनशॉट ठेवा. उत्तर आलं नाही तर तसं छापा. मानहानीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३५६. तुमच्या दोन वकिलांपैकी एकाने वादाची बातमी त्याच नजरेने वाचावी. ज्या वकिलाचा पक्षकार ठेकेदार आहे, तो अर्थातच नको. बालक अत्याचाराच्या बातमीत नाव तर नाहीच, गाव, शाळा, नातेवाईक असं ओळख पटेल काहीही नको.

---

पाराजवळ:

छापायचंच कशाला? एसटी स्टँड, दूध डेअरी, बाजारपेठ इथे वार्ताफलक लावा. तीन फूट बाय चार फूट, आठवड्याला एक विषय, खडूने. व्हॉट्सअ‍ॅपला ग्रुप नको, चॅनेल करा. ग्रुपात सुप्रभात आणि निवडणूक घुसतेच, शिवाय सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि तक्रार करणाऱ्या बाईचा नंबर सरपंचापर्यंत जातो.

---

खिळेजोड:

फलक उत्तमच, पण फलकावर वर्गणी कुणी देत नाही. हातात कागद पडला की लोक पैसे देतात. आणि कागद जपून ठेवतात, ग्रामसभेत काढून दाखवतात.

---

सोयाबीनपट्टा:

आभार. दोन शंका. म्हाताऱ्यांकडून जात्यावरच्या ओव्या, दुष्काळाच्या आठवणी असं एक पान करायचं आहे, ते कसं करावं? आणि मजकूर आम्ही मोबाइलवर टाइप करतो, पण छापखान्यात अक्षरं बिघडतात.

---

मोजपट्टी:

फोन विमान मोडवर, पंखा बंद, कॉलरचा वायरवाला माइक. सुरुवातीला रेकॉर्डिंगमध्येच नाव, गाव, तारीख आणि "हे छापायला आणि ऐकवायला माझी हरकत नाही" हे त्यांच्या तोंडून घ्या. फाइल पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि लगेच दुसऱ्या ठिकाणी प्रत काढा. ओवी लिहिताना बोली सुधारू नका. "व्हता"चं "होता" केलंत की चाल मोडते. छापण्याआधी पान त्या बाईला वाचून दाखवा. सुनेचं किंवा भावकीचं नाव कुठे आलं असेल तर तीच काढायला सांगते.

---

खिळेजोड:

तुमचा मजकूर युनिकोड (मोबाइलवरची अक्षरांची प्रमाण पद्धत), छापखान्यात जुना श्री-लिपीसारखा फॉन्ट आणि पान लावायला कोरल ड्रॉ. मधे कन्व्हर्टर लागतो आणि त्यात हमखास बिघडतात ती 'ऱ्या', 'ऱ्हा' आणि 'ॲ'. म्हणून 'शेतकऱ्यांनी', 'ग्रामस्थांच्या ऱ्हासाला', 'ॲड.' असे दहा शब्द एका ओळीत टाइप करून आधी तीच ओळ छापखान्यात फिरवून घ्या. बिघडली तर इनडिझाइनमध्ये युनिकोडवर पान लावणारा शोधा, किंवा पान तुम्हीच लावा आणि फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ द्या. मुद्रित (प्रूफ) मोबाइलवर तपासू नका. ए३ वर प्रिंट काढून तपासा, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ मजकुरावर बोट ठेवायचं. रकमा आणि नावं शेवटी एकदा वेगळी वाचा, ३,३६,००० चे ३३,६०० तिथेच होतात.