आजोबांचा वस्तरा पाजवला, पण हनुवटीवर ओढतोय! मदत हवी आहे

राम राम मंडळी,

आजोबांच्या ट्रंकेत वस्तरा सापडला. निजामाच्या राजवटीत हैदराबादहून आणलेला, असं घरात सांगतात. पात्यावर जर्मनीतल्या सोलिंगेनचा शिक्का अजून वाचता येतो. वरवरचा गंज होता तो काढला, धारेवर खड्डे नाहीत.

इथं परभणीत मी जातो त्या सलूनमध्ये सगळे अर्धं ब्लेड घालायचे वस्तरे. सलूनवाल्या काकांना विचारलं तर हसले. "वडिलांच्या धोकटीत होता पट्टा. आता पाजवतंय कोण?" मग म्हटलं आपणच करू. हार्डवेअरमधून विळ्या-कोयत्याचा दोन बाजूंचा दगड आणला, त्याच्या बारीक बाजूवर पाजवला. जुना कमरेचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून पन्नासेक हात मारले.

हातावरचे केस उडतात. गालावरही बरा चालतो. हनुवटीवर आला की असा ओढतो की डोळ्यांत पाणी येतं, आणि गळ्याची आग दोन दिवस जात नाही. वर आणखी हे, की पट्ट्यावर जितके जास्त हात मारावेत तितका बोथट होतो! बायको म्हणते, गुमान ब्लेडची डबी आणा. दगड चुकला, पट्टा चुकला की माझा हात?

धोकटीवाला:
पट्ट्यावर बोथट होतोय म्हणजे पट्टा ढिला आहे, नाहीतर तुमच्याकडून वस्तऱ्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, उचलली जातेय. ढिल्या पट्ट्यावर धार गोल होते. ताणून धरा, दाब वस्तऱ्याच्या वजनाइतकाच. पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे. दगडावर याच्या उलट, धार पुढे. शेवटाला पोचलात की वस्तरा पाठीवर उलटवायचा, धारेवर कधीच नाही. इथंच पट्टे कापले जातात.

दगड मात्र विळ्यालाच ठेवा. वस्तऱ्याची धार १००० नंबरच्या दगडावर बसवतात, मग ४०००, ८००० (नंबर मोठा तितका दगड बारीक). अजून मऊ हवी तर १२०००. पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकलेल्या हव्यात, कोन पाठीच्या जाडीनंच ठरतो. हातावरचे केस तर १००० वरच्या धारेनंही उडतात, त्यावर भुलू नका. धारेला काळं मार्कर लावून दगडावर दोन हात मारा. शाई राहील तिथं दगड लागत नाही.

आडातलं पाणी:
बोअरचं पाणी वापरता का? जड पाण्यात साबणाचा फेस टिकत नाही आणि शिव्या वस्तऱ्याला. मी फिल्टरच्या पाण्यावर आलो, निम्मं ओढणं गेलं. गळ्यावरचे केस कुठल्या दिशेला पडतात तेही आधी बोटानं चाचपून बघा, पहिला हात त्याच दिशेनं.

मूळ धागाकर्ता:
मार्कर लावून पाहिलं. टोकाकडची शाई गेली, मुठीजवळचीही गेली, मधला बोटभर भाग काळाच्या काळा! आणि हनुवटी मी नेमकी त्या मधल्या भागानं करत होतो की हो. पाणी बोअरचंच. १००० आणि ४००० असा जोडदगड मागवलाय. १००० वर किती हात मारू?

धोकटीवाला:
हात मोजू नका. मधली शाई जाऊन टोकापासून मुठीपर्यंत धार सारखी कापायला लागली की ४००० वर जा. नवा दगड सपाट असतोच असं नाही, आधी काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासून घ्या. पट्टा सगळ्यात शेवटी. तो कमरेचा नको, त्यावर शिलाई असते.