डीआरएलवाल्या गाडीला बाहेरचे हेडलाईट बसवलेत का? नाशिककरांनो, आपापला अनुभव लिहा

मी इंदिरानगरला राहतो. गेल्या महिन्यात सेकंडहँड हॅचबॅक घेतली, हेडलाईटच्या कडेला डीआरएलची (दिवसा गाडी दिसावी म्हणून आपोआप जळणाऱ्या दिव्याची) पट्टी आहे, दिवसा छान दिसते, पण रात्री डिपर (जवळचा उजेड) लावला की पुढे नुसता पिवळट उजेड, तोही दहा पावलांपुरता. मागच्या शनिवारी मुंबईहून येताना कसारा घाटात पाऊस आणि धुकं दोन्ही एकदम, रस्त्याची पांढरी पट्टी दिसेना, पुढच्या ट्रकचे मागचे लाल दिवे धरून वर आलो, बायको आणि दोन्ही पोरं गाडीत, घोटी येईपर्यंत कोणी बोललं नाही.

आल्यावर तीन दुकानं फिरलो. एक म्हणतो एलईडी बल्ब टाका, दुसरा म्हणतो प्रोजेक्टरचा (भिंगवाल्या दिव्याचा) अख्खा सेट टाका, तिसरा म्हणाला डीआरएल आहे ना, मग आम्ही वायरिंगला हात लावत नाही. तिसऱ्याचं ऐकून थांबलो. ज्यांनी स्वतःच्या गाडीत करून घेतलंय त्यांनी सविस्तर लिहा, कुठून लिहिताय, बल्ब कुठला, डीआरएल कसा जोडलेला होता, काय जमलं आणि काय बिघडलं. कंपनीची दुकानाची नावं नकोत.

पंचवटी

२०१८ची गाडी, एच४ बल्ब (लांबचा आणि जवळचा उजेड एकाच बल्बात), डीआरएल वेगळी पट्टी. द्वारका सर्कलच्या बाजूला एका दुकानातून एलईडीची जोडी टाकली, वीस मिनिटांत काम झालं. गल्लीत लावून बघितला तर समोरची भिंत पांढरीशुभ्र, मी खूश. त्याच रात्री मालेगावला निघालो आणि राहुड घाटात समोरून येणारा प्रत्येक जण मला अप्पर (लांबचा उजेड) मारतोय. मला वाटलं माझाच अप्पर चालू राहिला, बघितलं तर डिपरच.

घरी येऊन एका बाजूला जुना हॅलोजन आणि दुसऱ्या बाजूला एलईडी लावून भिंतीसमोर गाडी उभी केली. हॅलोजनच्या उजेडाची वरची कड कापल्यासारखी, डावीकडे जरा चढणारी. एलईडीला कडच नाही, उजेड वरपर्यंत सांडलेला. आपला रिफ्लेक्टर बनवलेला असतो तो हॅलोजनच्या फिलामेंटच्या जागेवर, आणि एच४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते म्हणून वर फेकला जात नाही. एलईडीची चिप त्या जागेपासून एक-दोन मिलिमीटर हलली की सगळं गेलं. मी काढून टाकले. माझ्या उजेडाने समोरचा बाईकवाला आंधळा होऊन खड्ड्यात गेला असता तर मला ते आयुष्यभर छळलं असतं.

सिडको, अंबडला इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये आहे

माझ्या गाडीत डीआरएलची वेगळी पट्टी नाहीच, अप्परचाच हॅलोजन दिवसा मंद जळतो आणि तोच डीआरएल. हे मला एलईडी टाकल्यावर कळलं. दिवसा गाडी चालू केली की अप्परचे एलईडी थरथरायचे, मधेच पूर्ण उजेडाने लागायचे, सिटी सेंटर मॉलच्या सिग्नलला पुढचा माणूस उतरून सांगायला आला की भाऊ अप्पर बंद कर. मीटर लावला तर होल्डरवर साडेसहा व्होल्टच्या आसपास. सरळ साडेसहा नाही, बाराचा सप्लाय भराभर चालू-बंद करून सरासरी तेवढी ठेवलेली, याला पीडब्ल्यूएम म्हणतात. हॅलोजनचं फिलामेंट गरम असतं, त्याला ते तोडणं जाणवत नाही, तो मंद जळत राहतो. एलईडीच्या बल्बात ड्रायव्हर असतो, त्याचं कामच कमी व्होल्टेजलाही ठरलेला करंट देत राहणं, म्हणून तो एकतर फडफडतो नाहीतर पूर्ण पेटतो. झेनॉनच्या दिव्याचं बॅलास्ट (त्याला सप्लाय देणारा डबा) लावलं असतं तर त्याचेही असेच हाल झाले असते.

शिवाय डॅशबोर्डवर बल्ब गेल्याचं चिन्ह. एलईडीला करंट कमी लागतो, गाडीच्या मॉड्यूलला वाटतं फिलामेंट तुटलं. दुकानदाराने उपाय म्हणून ५० वॅट ६ ओहमचे रेझिस्टर जोडले आणि वॉशरच्या बाटलीजवळ टायने बांधून दिले. हिशोब करा, साडेतेरा व्होल्टला त्यातून सव्वादोन अँपिअर जातात म्हणजे तीस वॅटची निव्वळ उष्णता. आठवड्यात बाटलीचं प्लास्टिक मऊ पडलं. रेझिस्टर लावायचाच असेल तर पत्र्याला स्क्रूने कसून, आणि वायरपासून लांब. मी शेवटी अप्परला परत हॅलोजन टाकला. डिपर प्रोजेक्टरमध्ये आहे, तिथे आतली पट्टी उजेड कापते, म्हणून तिथला एलईडी ठेवलाय आणि भिंतीवर तपासून घेतलाय.

इंदिरानगर

दादा, फार उपयोगी. पण घेण्याआधी आपला डीआरएल कुठल्या जातीचा हे ओळखायचं कसं?

सिडको

दिवसा इंजिन चालू करा, हेडलाईटचा स्विच बंदच, आणि पुढे जाऊन बघा नक्की कोणता दिवा जळतोय. मग हेडलाईट लावा, डीआरएल मंद होतो की विझतो बघा. मग इंडिकेटर द्या, बऱ्याच गाड्यांत त्या बाजूचा डीआरएल तेवढ्यापुरता मंद होतो किंवा जातो. मग हँडब्रेक ओढून बघा, काहींचा त्यानेही जातो. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि काम झाल्यावर दुकानातून निघायच्या आधी सगळं परत करून बघा. मी हे केलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

नाशिकरोड

मी प्रोजेक्टर आणि डीआरएल एकत्र असलेला अख्खा सेट बसवला होता. माझं सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणं-येणं असतं, गाडी स्टेशनला लावते. बसवणाऱ्याने डीआरएलची वायर थेट बॅटरीवर घेतली आणि स्टिअरिंगखाली एक बटण दिलं. सकाळच्या उन्हात डीआरएल चालू आहे हे बाहेरून कळतसुद्धा नाही, मी लॉक करून गेले आणि त्या वेळी मुंबईला दोन रात्री राहावं लागलं. परत आले तेव्हा रात्रीचे साडेनऊ, गाडीचा रिमोटही चालेना. दोन्ही पट्ट्या मिळून १६ वॅट म्हणजे सव्वा अँपिअरच्या वर, ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ते एका दिवसात रिकामं करतं. रिक्षा करून घरी गेले, दुसऱ्या दिवशी जंपर लावून गाडी आणली.

नंतर एका चांगल्या वायरमनने फ्यूज टॅप (आहे त्या फ्यूजमधून जादा लाईन काढायचा जोड) लावून ती लाईन चावीवरच्या फ्यूजमधून घेतली, म्हणजे चावी काढली की बंद. अजून एक गोष्ट त्याने दाखवली, सेटमधून एक बारीक वायर मोकळीच टेप मारून सोडलेली होती. ती पार्किंग लाईटला जोडायची असते, तिच्यामुळे रात्री डीआरएल मंद होतो. म्हणजे दोन महिने मी रात्री दिवसाच्या उजेडाचा डीआरएल घेऊन फिरत होते. युरोपच्या नियमात डीआरएल ४०० ते १२०० कँडेलाचा, तो उन्हात दिसावा म्हणून तेवढा ठेवलाय. अंधारात तोच उजेड समोरच्याच्या डोळ्यात घुसतो. सेट घेतलात तर प्रत्येक वायर कुठे जाते ते विचारा, एकही मोकळी सोडू देऊ नका, आमच्यासारख्या बायकांना तर तिथे काही सांगतच नाहीत, म्हणून मुद्दाम विचारा.

सातपूर

मी तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता मुलगा बघतो. इंदिरानगरवाल्या दादा, आधी बल्बच्या होल्डरवर मीटर लावा. इंजिन चालू, डिपर चालू, बॅटरीवर किती आणि होल्डरवर किती. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत बॅटरीवर १३.७ आणि होल्डरवर ११.८ होतं. मधले जवळपास दोन व्होल्ट बारीक वायर, जुना स्विच आणि गंजलेली अर्थची (बॉडीला जोडलेली) वायर खाऊन टाकत होते. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड दहा टक्के नाही, तीस टक्के पडतो. त्या गाडीला जाड वायरचं रिले किट लावलं, म्हणजे बल्बला सप्लाय थेट बॅटरीवरून, बॉडी अर्थ घासून नवी केली, बल्ब तोच ६०/५५ वॅटचा (अप्पर ६०, डिपर ५५) कंपनीचा. होल्डरवर १३.३ आलं. मालक म्हणाला नवे लाईट टाकले का.

पण डीआरएलवाल्या गाडीत रिले लावताना एक बघायचं. सिडकोवाल्या भाऊंसारखी अप्परच्या लाईनवर तुटक सप्लायची गाडी असेल तर रिले दिवसभर टकटक वाजत राहतो आणि त्याचे पॉईंट जळतात, तिथे त्या लाईनवर रिले नको. दुसरं, काही गाड्यांत एच४च्या कॉमन पिनला पॉझिटिव्ह असतो आणि अप्पर-डिपर अर्थवर चालतात. हॅलोजनला फरक पडत नाही, साधं रिले किट मात्र तिथे उलटं पडतं, बरेचसे एलईडी तर लागतच नाहीत. टेस्ट लॅम्प लावून आधी खात्री करायची मगच वायर धरायची.

आणि १३०/९० चे बल्ब कृपा करून टाकू नका. १३० वॅटचे दोन म्हणजे एकवीस-बावीस अँपिअर, मूळ वायरिंगला दहा-पंधराचा फ्यूज असतो. मी वितळलेले होल्डर पोत्याने काढलेत. फ्यूज जातो म्हणून मोठा फ्यूज टाकणारेही बघितलेत, मग वायर जळते.

गंगापूर रोड

मी परदेशातून सेट मागवला, एलईडी डीआरएलची सुंदर वळणदार पट्टी, फिटिंग एकदम बरोबर, कपलरही जुळले. रात्री भिंतीवर बघितलं तर उजेडाची कड उजवीकडे वर चढते. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात म्हणून त्यांचा उजेड उजवीकडच्या कडेला वर जातो, आपल्याला डावीकडे हवा असतो. म्हणजे माझा सेट बरोबर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात मारत होता, आणि डावीकडे जिथे सायकलवाला, पायी दिंडीवाला असतो तिथे अंधार. स्क्रू फिरवून हे सुटत नाही, लेन्समध्येच तसं असतं. विकूनही टाकता येईना, कोणाला देऊ, तोही इथेच चालवणार. माळ्यावर पडलाय.

पाथर्डी फाटा

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर अजिबात कापू देऊ नका. माझं बॉडी कंट्रोल मॉड्यूल (गाडीचे दिवे वगैरे चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं, सर्व्हिस सेंटरने उघडल्याबरोबर हेडलाईटच्या वायरवरचा जोड दाखवला आणि क्लेम नाकारला. जोडामुळेच गेलं की नाही यावर मी खूप भांडलो, पण कागदावर त्यांचं बरोबर होतं, खर्च मी केला.

कायदाही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पुढे सर्चलाईट लावायलाही नियमाने बंदी आहे. म्हणून कंपनीने याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला दिलेला सेट मिळतो का ते आधी बघा असं माझं मत.

त्र्यंबक रोड

एलईडी बल्बाच्या मागचा पंखा बसत नाही म्हणून दुकानात मागचं रबरी झाकण कापून दिलं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जुलैत आत पाणी आणि काचेवर आतून वाफ, रिफ्लेक्टरची चकाकी उडाली. डीआरएलची पट्टीही त्याच डब्यात, ओलीने तीही अर्धी गेली, आणि ती वेगळी मिळत नाही, अख्खा हेडलाईट घ्यावा लागला. झाकण कापायची वेळ आली तर तो बल्ब तुमच्या गाडीचा नाही.

ओझर

मी काही बसवलं नाही, फक्त सांगायचंय. आमच्याकडे द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरून एखादा पांढरा एलईडीवाला गेला की पुढची तीन-चार सेकंद काही दिसत नाही, आणि ट्रॉली नेमकी त्याच सेकंदात असते. माझा चुलतभाऊ तसाच गेला. लाईट वाढवा, पण भिंतीवर बघून वाढवा एवढीच विनंती.

इंदिरानगर

ओझरच्या भाऊ, वाचून सुन्न झालो. तुमचं डोक्यात ठेवूनच सगळं केलं.

काय केलं ते सांगतो. सिडकोच्या दादांनी सांगितलं तसं बघितलं, माझा डीआरएल वेगळ्या पट्टीचा निघाला, हेडलाईट लावला की मंद होतो, इंडिकेटरला त्या बाजूचा विझतो. त्याला हात लावला नाही. होल्डरवर १२.१ मिळाले, बॅटरीवर १३.८. सातपूरच्या काकांकडे गेलो, पिन तपासून रिले किट लावलं, मूळ वायर न कापता कपलरमध्ये कपलर. बल्ब साधे ६०/५५. काच पिवळी पडली होती, ती ८००, १५०० आणि २०००च्या पॉलिश पेपरने पाणी घालून घासली आणि वरून यूव्ही कोटिंग मारलं, कारण नुसती घासून सोडली तर पुन्हा लवकर पिवळी पडते असं काका म्हणाले. यानेच अर्धा फरक पडला असेल.

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीपासून ५ मीटरवर गाडी, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर मी, लेव्हलचं चाक (आतून हेडलाईट वर-खाली करायचं) शून्यावर. बल्बच्या उंचीला भिंतीवर खडूने रेघ मारली आणि डिपरची कड तिच्या ५ सेंटिमीटर खाली आणली, दहा मीटरला दहा सेंटिमीटर या हिशोबाने. उजवीकडचा एक स्क्रू गंजलेला होता, त्यालाच अर्धा तास गेला.

काल रात्री सिन्नरपर्यंत जाऊन आलो. मोहदरी घाटात डावीकडची कड स्पष्ट दिसत होती आणि समोरच्या एकानेही अप्पर मारला नाही. मागे तिघं बसल्यावर चाक १ वर ठेवायचं की २ वर ते अजून बघायचंय, रविवारी आईबाबांना घेऊन वणीला जातोय तेव्हा भिंतीसमोर सगळ्यांना बसवून बघतो आणि लिहितो.